लहान मुलांचे सपाट पाऊल: लवचिक आणि ताठर

तीन-चार वर्षांचे मूल अनवाणी उभे राहिले की त्याचा तळपाय जमिनीला पूर्ण टेकतो, कमान दिसत नाही, आणि मागून पाहिल्यास घोटे आत झुकलेले व टाचा बाहेर कललेल्या दिसतात. लवचिक सपाट पाऊल आणि ताठर सपाट पाऊल या दोन्ही अवस्थांत हे दृश्य सारखेच असू शकते. ओल्या पावलाचा फरशीवर उमटलेला ठसाही दोन्हींत सारखाच भरीव येतो, त्यामुळे केवळ ठसा पाहून काळजी करणे जितके चूक, तितकेच निर्धास्त होणेही चूक आहे.

फरक कळतो तो पाऊल हलताना. मुलाला भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभे राहायला सांगावे आणि मागे बसून त्याच्या टाचांकडे पाहावे. पाऊल लवचिक असेल तर बाहेर कललेली टाच आतल्या बाजूला वळते आणि तळपायाखाली कमान स्पष्ट उमटते. मूल उभे असताना त्याच्या पायाचा अंगठा हाताने वर उचलला, किंवा ते उंच खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसले, तरीही तीच कमान दिसते. ताठर पावलात यांपैकी कशानेही फरक पडत नाही; टाच आहे तिथेच राहते आणि पाऊल आतबाहेर वळवताना अडते.

लवचिक सपाट पाऊल या वयात इतके सर्रास आढळते की त्याला आजार म्हणणेच मला योग्य वाटत नाही. या वयात अस्थिबंध सैल असतात, तळव्यात चरबीची गादी असते आणि कमान पहिल्या दहा वर्षांत हळूहळू घडत जाते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, तीन ते सहा वर्षांच्या 835 मुलांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी 54 टक्के मुलांची पावले सपाट होती, तर सहाव्या वर्षी हे प्रमाण 24 टक्के होते. खास बूट किंवा इन्सोल घातल्याने कमान लवकर येते, हा समजही टिकत नाही: 1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत तीन वर्षांच्या वापरानंतरही असे बूट वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या मुलांत फरक आढळला नाही. दुखत नसलेल्या पायांना कडक, महागडे बूट घालून मुलाचे धावणे अवघड करू नये, असे मला मनापासून वाटते.

ताठर पाऊल क्वचित आढळते, पण त्यामागे नेमके कारण असते. जन्मतःच घोट्याचे हाड उभे बसलेले असणे, पावलातील दोन हाडे एकमेकांना जोडलेली असणे, किंवा मज्जातंतू व स्नायूंचा विकार ही त्यातील प्रमुख कारणे होत. हाडांच्या जोडाचा त्रास बहुधा शाळकरी वयात जाणवू लागतो, त्यामुळे लहानपणी तो नजरेतून सहज सुटतो. ‘वाढत्या वयात होईल ठीक’ हा सल्ला लवचिक पावलाबाबत बहुतेक वेळा खरा ठरतो. ताठर पावलाबाबत मात्र त्यामुळे उपचारांचा वेळ वाया जातो.

या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी स्थितीही असते. पाऊल लवचिक असते, पण टाचेमागील स्नायुबंध आखूड असल्याने गुडघा सरळ ठेवून पाऊल वर वळवता येत नाही. अशा मुलांना पुढे वेदना होण्याची शक्यता अधिक असते आणि त्यांना पोटरी ताणण्याचे व्यायाम दिले जातात. लहान मूल ‘पाय दुखतो’ असे नेहमी सांगतेच असे नाही. ते थोडे चालून वारंवार कडेवर घ्यायला सांगते, लंगडते किंवा खेळणे टाळते. असे काही दिसल्यास, एकच पाऊल सपाट असल्यास किंवा चवड्यांवर उभे राहूनही कमान येत नसल्यास मुलाला बालअस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.