देवाला ‘तू’, मारियेला ‘तुम्ही’

फ्रान्समधली एखादी कॅथलिक आजी संध्याकाळी जपमाळ घेऊन बसली, की येशूची आई मारिया हिच्या वंदनेचे ५३ मणी ओढते आणि ‘आमच्या बापा’चे ६. मारियेला ती दर वेळी ‘वू’ म्हणते, म्हणजे तुम्ही. आणि साक्षात देवबाप्पाला? त्याला ‘त्यु’. तू.

हा उलटा मान कुठून आला, त्याची तारीख सापडते. १९६६ पर्यंत फ्रेंच कॅथलिक देवालाही ‘तुम्ही’च म्हणत. प्रोटेस्टंट मात्र आधीपासून ‘तू’ म्हणायचे. पुढे सगळ्या पंथांना एकत्र म्हणता यावी म्हणून ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेचं सामाईक भाषांतर ठरलं आणि देव एकेरीत आला. मारियेची प्रार्थना प्रोटेस्टंट म्हणतच नाहीत, त्यामुळे तिला कुणी हात लावला नाही. ती राहिली ‘तुम्ही’वर. आपल्याकडे वसईचे मराठी कॅथलिक दोघांनाही एकेरीतच हाक मारतात, आणि विठोबाशी तर आपलं भांडणही एकेरीत चालतं. त्यामुळे ‘देवाला तू’ यात आपल्याला नवल वाटत नाही. नवल वाटायला हवं ते त्या आजीचं. मारियेला देवापेक्षा जास्त मान द्यावा असं तिच्या मनातसुद्धा येत नाही. मग हा ‘वू’ मोजतो तरी काय?

फ्रेंच शिकायला लागलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात वाटतं, हा धडा आपल्याला फुकट मिळाला. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना ‘यू’चे दोन तुकडे करताना घाम फुटतो, आपल्याकडे तर ‘तू’ आहे, ‘तुम्ही’ आहे, वर ‘आपण’ही आहे. शब्दसुद्धा नात्यातले निघतात. फ्रेंच ‘त्यु’, लॅटिन ‘तू’, संस्कृत ‘त्वम्’ आणि मराठी ‘तू’ ही एकाच मूळ शब्दाची पोरं. फ्रेंच ‘वू’ आला लॅटिन ‘वोस’पासून, आणि त्याचा भाऊ संस्कृतात ‘वः’ या छोट्या रूपात बसलेला आहे. इतकंच काय, फ्रेंचांकडे या वागण्याला क्रियापदंही आहेत: ‘त्युत्वाये’ आणि ‘वूव्वाये’. इंग्रजीला ती सांगायला अख्खं वाक्य लागतं. आपण लगेच म्हणू, अरे-तुरे करणं आणि अहो-जाहो करणं.

हा धडा फुकट नाही, हे कळायला वेळ लागतो. कारण शब्द जुळले तरी हिशेब जुळत नाही.

आधी अनेकवचनाचं बघू. एका माणसाला ‘तुम्ही’ का म्हणायचं? लॅटिनमध्ये मुळात असं काही नव्हतं. सीझरलाही ‘तू’ आणि त्याच्या गुलामालाही ‘तू’. सम्राटाला ‘वोस’ म्हणण्याची रीत रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात, चौथ्या शतकाच्या सुमारास दिसू लागते. त्याचं एक स्पष्टीकरण असं देतात की तेव्हा साम्राज्याला एकाहून जास्त सम्राट होते, त्यामुळे एकाशी बोललेलं सर्वांशी बोलल्यासारखं होई. मला यापेक्षा दुसरं कारण जास्त पटतं: सत्ता नेहमीच स्वतःला एकापेक्षा जास्त समजते. राजा स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, मग समोरच्यानं ‘तुम्ही’ म्हणणं ओघानं आलंच. जुन्या फ्रेंच वीरकाव्यांत ही घडी अजून बसलेली नव्हती. तिथे एकच माणूस एकाच माणसाला एका ओळीत ‘तू’ आणि पुढच्या ओळीत ‘तुम्ही’ म्हणून मोकळा होतो. पुढे दरबारांनी ती घडी घट्ट बसवली. वरून खाली ‘त्यु’, खालून वर ‘वू’. मालक नोकराला तू म्हणणार, नोकर मालकाला तुम्ही. आणि खानदानी नवरा-बायको एकमेकांना तुम्ही.

ही उतरंड फ्रेंच राज्यक्रांतीला खुपली नसती तरच नवल. १७९३ च्या ऑक्टोबर अखेरीस पॅरिसच्या जनसमित्यांचे प्रतिनिधी राष्ट्रीय सभेपुढे उभे राहिले आणि त्यांनी मागणी केली की सर्वांनी सर्वांना ‘तू’च म्हणावं. त्यांचा युक्तिवाद गमतीदार होता, कारण तो अर्धा राजकीय आणि अर्धा व्याकरणाच्या मास्तरांचा होता. आपल्या भाषेत एकवचनाला तीन पुरुष आणि अनेकवचनाला तीन. मग एका माणसाला अनेकवचनी सर्वनाम लावणं हा नियमभंग आहे, आणि तो गर्व आणि सरंजामशाहीनं आपल्याला शिकवला, असं त्यांचं म्हणणं. सभेनं कौतुक केलं, पण सगळ्या देशावर सक्तीचा कायदा काही केला नाही. तरी सरकारी पत्रव्यवहारात ‘तू’ आला, ‘मस्यो’ आणि ‘मादाम’ जाऊन ‘नागरिक’ आला. १७९४ च्या जुलैत क्रांतीचा जहाल पुढारी रोबेस्पिएर याचं डोकं उडालं आणि मग हळूहळू ‘वू’ परतला. दोन वर्षांत तो किती मुरला होता, हे नेपोलियनच्या एका पत्रात दिसतं. १७९६ मध्ये इटलीच्या मोहिमेवर निघालेल्या या सेनापतीला नवपरिणीत जोसेफिननं पत्रात ‘वू’ लिहिलं. तो भडकला. मला तुम्ही म्हणतेस? तुम्ही तूच असशील! असा त्याच्या उत्तराचा नूर आहे. बायकोनं अहो म्हटलं म्हणून चिडलेला नवरा आपल्याला जरा अनोळखीच.

इथे आपण मुद्द्याच्या जवळ येतो. नेपोलियनला त्या ‘वू’त मान ऐकू आला नाही, दुरावा ऐकू आला.

१९६० मध्ये रॉजर ब्राउन हे मानसशास्त्रज्ञ आणि अल्बर्ट गिलमन हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक, या दोघा अमेरिकनांनी युरोपीय भाषांतल्या या जोड्यांवर एक लेख लिहिला. भाषाशास्त्रात आजही त्याच्याशिवाय या विषयावर पान हलत नाही. लॅटिन शब्दांची आद्याक्षरं घेऊन त्यांनी एकेरी रूपाला ‘टी’ आणि आदरार्थी रूपाला ‘व्ही’ म्हटलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: या शब्दांमागे दोन वेगळ्या मोजपट्ट्या असू शकतात. पहिली सत्तेची, म्हणजे कोण वर आणि कोण खाली. ती उभी पट्टी आहे, म्हणून तिथे देणं-घेणं असमान: मी तुला तू, तू मला तुम्ही. दुसरी आपलेपणाची, म्हणजे कोण जवळ आणि कोण लांब. ती आडवी. माझ्यापासून तू जितका लांब तितकाच मी तुझ्यापासून, म्हणून तिथे परतफेड समान: दोघंही तू किंवा दोघंही तुम्ही. युरोपात शतकानुशतकं उभी पट्टी चालली आणि विसाव्या शतकापर्यंत आडवीनं तिच्यावर मात केली. त्याच लेखात त्यांनी हिंदी आणि गुजराती बोलणाऱ्यांचीही नोंद केली आहे: नवरा बायकोला ‘टी’, बायको नवऱ्याला ‘व्ही’. मराठी माणसाला विचारलं असतं तर त्या काळात वेगळं उत्तर मिळालं नसतं.

म्हणून फ्रेंचमध्ये कान लावायचा तो समोरच्याकडून परत काय येतं त्याकडे. दोन मोठी माणसं बोलताना ऐकली, तर एकाच्या तोंडचा शब्द कळला की दुसऱ्याचा जवळजवळ नक्की सांगता येतो. बँकेतला कारकून आणि खातेदार, भाजीवाला आणि गिऱ्हाईक, घरी काम करणारी बाई आणि घरची बाई: दोन्ही बाजूंनी ‘वू’. वाढप्याला ‘तू’ म्हणणारा गिऱ्हाईक तिथे अडाणी ठरतो. (आपल्या हॉटेलातल्या पन्नाशीच्या माणसाला ‘ए, पाणी दे’ म्हणणारे आपण फ्रेंच कानाला काय वाटत असू, ते सोडून देऊ.) उलट मित्र, घरचे, एका संघातले खेळाडू, शिक्षकांच्या खोलीतले शिक्षक: दोन्ही बाजूंनी ‘त्यु’. आजोबांनाही ‘त्यु’, वडिलांनाही ‘त्यु’. वय तिथे मोजतच नाहीत असं नाही. अनोळखी म्हाताऱ्याला कुणी ‘तू’ म्हणणार नाही. पण ओळख झाली, की वयाची पट्टी गुंडाळून ठेवता येते. १९६८ च्या मे महिन्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यानंतर हे आणखी सैल झालं.

आणि ‘वू’ थंडच असतो असंही नाही. जाँ-पॉल सार्त्र आणि सिमोन द बोव्हार या लेखक-विचारवंत जोडीनं आयुष्यभर एकमेकांना ‘वू’ म्हटलं. माजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक आणि त्यांच्या पत्नीही तसंच बोलत. आजही काही जुन्या घराण्यांत ही पद्धत आहे. आजीचा मारियेला असलेला ‘वू’ याच कुळातला वाटतो: जुन्या चालीचा, प्रेमाचा, पण उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिलेला.

उंबरा ओलांडण्याची रीतही ठरलेली. ‘आपण अरे-तुरे करू या का?’ असं चक्क विचारतात. विचारायचं वयानं किंवा हुद्द्यानं मोठ्या माणसानं. जुन्या शिष्टाचारात बाईनं. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मित्तराँ यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात. समाजवादी पक्षात कॉम्रेड एकमेकांना ‘त्यु’ म्हणत. एका उत्साही कार्यकर्त्यानं त्यांना हाच प्रश्न टाकला. मित्तराँ म्हणाले, ‘तुमची इच्छा असेल तर.’ दार उघडं ठेवून कडी लावणं याला म्हणतात. एकदा ‘त्यु’वर आलेल्या माणसाला पुन्हा ‘वू’ म्हणणं म्हणजे भांडण. मराठीत उलटं: भांडण झालं की माणूस एकेरीवर येतो. तसा फ्रेंच ड्रायव्हरही सिग्नलला एकेरीवर येतोच म्हणा.

समान परतफेडीचा हा नियम मोडला की फ्रान्समध्ये बातमी होते. २०१८ च्या १८ जूनला पॅरिसजवळ मॉं-व्हालेरियाँच्या स्मारकापाशी एका शाळकरी मुलानं राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांना ‘काय मनू, बरंय ना?’ अशा थाटात हाक मारली (मनू म्हणजे त्यांच्या इमॅन्युएल या नावाचं लाडकं रूप). माक्राँ यांनी त्याला जागच्या जागी सुनावलं: मला ‘राष्ट्राध्यक्ष महोदय’ म्हणायचं किंवा ‘मस्यो’. मराठी कानाला हे साधं, मोठ्या माणसानं पोराला झापलं इतकंच. पण ते वाक्य फ्रेंचमध्ये ऐकलं की लक्षात येतं, मान मागताना राष्ट्राध्यक्ष मुलाला ‘त्यु’ म्हणत होते. उभी पट्टी अजून मोडीत गेलेली नाही. लहान मुलांसाठी ती घरात आहेच. प्रश्न एवढाच की मूल मोठं कधी झालं? पॅरिसभोवतीच्या उपनगरांतल्या तरुणांची पोलिसांबद्दल हीच जुनी तक्रार: आम्ही ‘वू’ म्हणायचं आणि तुम्ही आम्हाला ‘त्यु’? १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या पोलीस आचारसंहितेत म्हणूनच स्पष्ट लिहिलं आहे की जनतेशी बोलताना ‘वू’ वापरायचं. सर्वनामाचं कलम सरकारी नियमावलीत असलेला देश आहे हा.

व्याकरणात मात्र मराठी मान जास्त खोल मुरलेला आहे. फ्रेंच मान तोंडावरचा. समोर असताना ‘वू’, पाठ फिरली की गुरुजीही ‘तो गेला’. आपल्याकडे गुरुजी दाराबाहेर पडल्यावरही ‘गेले’, आणि कँटीनमध्ये ‘साहेब आला का रे?’ असं कुणी म्हटलं, तर त्या एका काना-मात्रेत अख्खं ऑफिस कळतं. उलट, मराठीत पळवाटा सोप्या. वर्गातला मित्र अचानक साहेब झाला, तर आपण ‘कसं काय?’, ‘जेवायचं का?’, ‘निघायचं?’ यांवर महिनाभर काढू शकतो. फ्रेंचला सर्वनाम गाळता येत नाही, म्हणून ते ‘ऑन’ पुढे करतात: ‘माणूस भेटतो ना उद्या?’ अशा धाटणीचं. हा ‘ऑन’ खरंच लॅटिन ‘होमो’पासून, म्हणजे माणसापासून आला आहे, जसं आपलं ‘आपण’ आत्म्यापासून आलं. सासूशी बोलणारे नवे जावई या ‘ऑन’वर बरेच दिवस काढतात.

कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये मात्र दुकानदारही पहिल्याच वाक्याला ‘त्यु’ म्हणेल, आणि पॅरिसहून गेलेला माणूस दचकेल.

जगात अशी भानगड सगळीकडे आहे असंही नाही. भाषांच्या एका जागतिक नकाशासाठी २०७ भाषा तपासल्या, तर १३६ भाषांत सर्वनामाला असा मान-अपमानच नव्हता. ४९ भाषांत दोन पायऱ्या, १५ भाषांत त्याहून जास्त, आणि ७ भाषांत अशा वेळी सर्वनामच टाळतात. इंग्रजी पहिल्या गटात बसते, पण आपण समजतो तशी नव्हे. ‘इंग्रजीत सगळ्यांना अरे-तुरे करतात’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ‘यू’ हाच तिथला तुम्ही. मेला तो तिथला तू, ‘दाऊ’. इंग्रज कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतो.

याचा ताप आता यंत्रांना होतो. इंग्रजीतून भाषांतर करताना ‘यू’चं काय करायचं हे वाक्यात लिहिलेलंच नसतं. २०१६ मध्ये एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्रजी-जर्मन भाषांतरासाठी एक सोपी युक्ती केली: मूळ वाक्याच्या शेवटी ‘आदरानं’ किंवा ‘सलगीनं’ अशी खूण जोडून यंत्राला शिकवलं. खूण नसेल तर यंत्र अंदाज बांधतं. आणि दोन भाषांच्या मध्ये इंग्रजीचा पूल टाकलेला असेल, तर नदी ओलांडताना ‘तू’ वाहून जातो. मराठीतलं ‘आई, जेवलीस का?’ अशा पुलावरून फ्रेंचमध्ये जाऊन परत आलं, तर ‘माताजी, आपण भोजन केलंत का?’ होऊन येऊ शकतं. हे वाचून आई जेवणाचं उत्तर देणार नाही. आधी व्हिडिओ कॉल करेल आणि विचारेल, ताप आहे का रे अंगात?