व्हिडिओ गेमचा इंटरफेस

खेळाडू आणि खेळ यांच्यातला सगळा व्यवहार ज्यातून चालतो तो इंटरफेस. पडद्यावरच्या पट्ट्या, आकडे, बटणे आणि मेनू त्यात येतात, तसेच आवाज आणि कंपनही. खेळ चालू असताना पडद्यावर कायम दिसणाऱ्या भागाला एचयूडी (हेड्स-अप डिस्प्ले) म्हणतात; हा शब्द लढाऊ विमानांच्या तंत्रातून आला आहे.

काय दाखवायचे

सातारा-सांगलीच्या तालमींवर बेतलेला कुस्तीचा मोबाइल गेम उदाहरणादाखल घेऊ. डाव टाकायचा की थांबायचे, हे ठरवायला खेळाडूला तीन गोष्टी लागतात: आपला दम, समोरच्याची पकड आणि उरलेला वेळ. बक्षिसाची रक्कम, पुढचा जोड, मल्लाची माहिती हे सारे कुस्ती संपल्यावरच्या पडद्यावर जावे. नवख्या रचनाकारांच्या एचयूडीत गर्दी होते, कारण जे मोजता येते ते सगळे दाखवले जाते.

माहिती पट्टीऐवजी खेळाच्या जगातच दाखवता येते. ‘डेड स्पेस’ (२००८) मध्ये नायकाची शिल्लक ताकद त्याच्या पोशाखाच्या पाठीवर उजळते. कुस्तीत धापा आणि घाम यांतून दम दाखवता येईल. पण मोबाइलवर मल्ल जेमतेम बोटभर दिसतो, म्हणून पट्टी ठेवावीच. हौद्याच्या तांबड्या मातीवर लाल पट्टी हरवते. तिला गडद कड द्यावी आणि दम संपत आला की रंगाबरोबर आकार किंवा चिन्हही बदलावे, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे खेळाडू असतातच. लहान अक्षरे आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १, मोठ्या अक्षरांत ३ : १ इतका उठाव (कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक) हवा.

बटणे

अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार स्पर्शाची जागा किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचे पडद्यावरचे माप), म्हणजे साधारण ९ मिमी असावी; ॲपल ४४ पॉइंट सांगते. धावपळीच्या खेळात ही मापे अपुरी पडतात. बटण दिसायला लहान असले तरी स्पर्शक्षेत्र त्याहून मोठे ठेवावे. मोबाइल आडवा धरला की अंगठे खालच्या कोपऱ्यांजवळ असतात. तिथे डाव, आणि वरच्या बाजूला वेळ व दम. अंगठ्याखाली येणारी माहिती कुणालाच दिसत नाही. दाबल्यावर ०.१ सेकंदाच्या आत बटण हलले, आवाज आला किंवा कंपन झाले पाहिजे. नाहीतर खेळाडू पुन्हा दाबतो आणि एकाऐवजी दोन डाव पडतात.

मराठी मजकूर

मराठी गेमचे सर्वाधिक नुकसान इथे होते. इंग्रजी मांडणी पुरी करून शेवटी त्यात मराठी शब्द ओतले, की ‘धोबीपछाड’ गोल बटणाबाहेर जातो. तिथे नावाऐवजी चिन्ह द्यावे आणि नाव सरावाच्या पडद्यावर शिकवावे.

देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, म्हणून ओळींतले अंतर अक्षराच्या आकाराच्या सुमारे दीडपट ठेवावे. अक्षरांमध्ये जादा अंतर टाकल्यास शिरोरेषा तुटते. अक्षरे जुळवणारी यंत्रणा नसेल तर ‘मिरज’मधली वेलांटी म नंतर पडते आणि जोडाक्षरे सुटी होतात. गेम बनवण्याच्या युनिटी या सॉफ्टवेअरच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागात ही जुळणी आपोआप होत नाही. गोडो ४ या तशाच सॉफ्टवेअरमध्ये हार्फबझ ही अक्षरे जुळवणारी यंत्रणा असल्याने होते. फॉन्ट पारखायला ‘साताऱ्यात’ आणि ‘कऱ्हाड’ हे शब्द उत्तम: ऱ्य आणि ऱ्ह नीट उमटले नाहीत, किंवा तिथे रफार आला, तर फॉन्ट किंवा मजकुरातला संकेतांक (अक्षराचा युनिकोड क्रमांक) चुकला आहे. संवाद एकेक अक्षराने उमटवायचा असेल तर संकेतांकांनुसार तोडू नये. ‘स्त्री’ एकदम यावी, नाहीतर आधी स, मग हलन्त, असा तुकड्यांचा खेळ दिसतो. वेळेचे आकडे समान रुंदीचे असावेत, नाहीतर ते दर सेकंदाला थरथरतात.

चाचणी

पहिला आराखडा कागदावर, मोबाइलच्याच मापाचा करावा. पुढे गेम कधीच न खेळलेल्या पाच-सहा जणांच्या हाती तो द्यावा आणि काहीही न सांगता बोटे कुठे जातात ते पाहावे. अडखळलेल्याला मदत केली की चाचणी वाया गेली. ही पाहणी स्वस्त मोबाइलवर, चमक निम्म्यावर ठेवून, सांगलीच्या एप्रिलमधल्या दुपारी उघड्यावरही करावी. खोलीत उठून दिसणारी फिकट राखाडी अक्षरे तिथे नाहीशी होतात, आणि घामट अंगठ्याने चुकणारी बटणेही तिथेच सापडतात.