पाय हवेत, पण जागेवर

कृत्रिम पाय लावणाऱ्या माणसाने विमानातून उडी मारली असं कानावर आलं की पहिली शंका येते ती उतरण्याची. साहजिकच आहे. पण १०,००० फुटांवर दार उघडल्यापासून जमीन लागेपर्यंतचा हिशेब मांडून बघितला, तर हवेत पायाला उभं राहण्याचं काम नसतंच. जमिनीवर तो तुमचं ओझं वाहतो. वर गेल्यावर त्याचं ओझं तुमच्याकडे येतं. तो जागेवर राहील याची काळजी घेणं हेच निम्मं स्कायडायव्हिंग.

मग तो जागेवर राहतो कशाने? मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ साली सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. अशा कुठल्याही केंद्रात पाय बसवून घेणाऱ्याला दोन समांतर दांड्यांमध्ये उभं करतात. सिलिकॉनचा लायनर, म्हणजे मऊ अस्तर, उलटा करून स्टंपच्या, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाच्या, टोकाला टेकवायचा आणि मोज्यासारखा गुंडाळत वर चढवायचा. त्याच्या टोकाला खाचांची पिन असते. सॉकेटमध्ये, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ भागात, स्टंप घालून वजन टाकलं की पिन तळाच्या कुलपात शिरते आणि टक, टक, टक असा आवाज येतो. मुरलेला वापरणारा हे आवाज कानाने मोजतो. रोजच्यापेक्षा कमी आले तर स्टंप सुजलाय किंवा माप नीट बसावं म्हणून स्टंपवर घातलेले मोजे जास्त झालेत. दुपारपर्यंत स्टंप थोडा आकसतो, तेव्हा मोजा वाढवायचा. उडीआधी हीच तपासणी, फक्त जास्त कसून.

दुसऱ्या पद्धतीत पिन नसते. सॉकेटमधली हवा एकमार्गी झडपेतून बाहेर जाते आणि बाहेरच्या हवेचा दाब पायाला धरून ठेवतो. इथे उंचीची गंमत आहे. १०,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो. विमान चढत जातं तशी सॉकेटमध्ये उरलेली थोडी हवा फुगू पाहते आणि झडपेतून निसटते, म्हणजे वर पकड थोडी सैल. खाली येताना बाहेरचा दाब वाढत जातो, पण झडप हवा आत घेत नाही. गरम आमटीचा डबा घट्ट लावून ठेवला की गार झाल्यावर झाकण निघता निघत नाही, तसं. सॉकेट कुठे गळत नसेल, तर उतरताना पाय चढतानापेक्षा घट्ट बसलेला असतो. म्हणजे पकड सर्वांत कमी नेमकी दाराशी.

मुंबईकराची खरी अडचण मात्र घाम. लायनरमधून घाम बाहेर पडत नाही, आत साचतो आणि स्टंप सॉकेटमध्ये वरखाली घसरू लागतो. त्यात शहरावरचं आकाश विमानांनी भरलेलं, त्यामुळे उडीसाठी गावाबाहेर जावंच लागतं. पहाटे निघून तासन् तास गुडघा दुमडून गाडीत बसायचं आणि तसंच विमानात चढायचं, हे चुकीचं. आधी पाय काढून स्टंप कोरडा पुसावा, लायनर पुसावा, मग पुन्हा चढवावं. वर तापमान जमिनीपेक्षा सुमारे २० अंशांनी कमी असतं, पण तोवर घाम आपलं काम करून गेलेला असतो.

उडी घेतल्यावर दहा-बारा सेकंदांत वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरवर स्थिरावतो. पोटावर पालथं पडलेल्या माणसाच्या नडगीवर तेव्हा, ढोबळ हिशेबाने, सहा-सात किलो वजनाएवढा वारा खालून दाबत असतो. या वाऱ्यावर नडग्या रोवून शरीर सरळ ठेवायचं. दोन्ही पाय हवा सारखी मागे ढकलतात तोवर ठीक. डावी नडगी नसेल तर एकटा उजवा पाय उजवी बाजू पुढे रेटतो आणि माणूस डावीकडे गिरकी घेऊ लागतो. गुडघ्याच्या वर पाय कापलेल्यांचं, म्हणजे केंद्रांत ज्यांना 'एके' म्हणतात त्यांचं, दुखणं आणखी वेगळं. साधा यांत्रिक गुडघा मोकळा असेल तर वारा टाच थेट पार्श्वभागाकडे दुमडतो, कारण ती खाली दाबायला स्नायूच नाहीत. गुडघा सरळ कुलूपबंद केला तर तो पाय जास्त वारा खातो आणि गिरकी उलट दिशेला लागते. हात आणि दुसरा पाय थोडा वेगळा ठेवून हा तोल साधतो, पण ते शिकावं लागतं.

मग पॅराशूट उघडतं. शरीर उभं होतं आणि काही क्षण प्रत्येक गोष्ट तिच्या वजनाच्या तीन-चार पट जड होते. दोन किलोचा कृत्रिम पाय आठ किलोच्या ताकदीने स्टंपवरून ओढला जातो. पाय सुटायचा तर बहुधा इथेच. म्हणून पिन किंवा झडप यांच्यावर न विसंबता सॉकेटला कमरेपर्यंत जादा पट्टा बांधतात. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा कौतुक साडीचं झालं; पण अशा उडीत मूळ प्रश्न एकच, सुटं काहीही राहता कामा नये. साडी सुटली तर दोऱ्यांत अडकेल. पाय सुटला तर खाली कोणाच्या तरी डोक्यात पडेल. त्याहून गंभीर गोष्ट हार्नेसची, म्हणजे पॅराशूट अंगाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची. त्याचे पट्टे मांडीभोवती असतात. मांडीचा स्टंप आखूड असेल तर पट्टा त्यावरून घसरू शकतो, म्हणून तिथे वेगळी बांधणी लागते. पाय पडला तर नवा करता येईल, पट्टा घसरला तर काय?

शेवटी उतरणं. टँडेम उडीत प्रशिक्षकाला बांधलेल्या माणसाने पाय पुढे उचलून बैठकीवर घसरत टेकायचं असतं. गुडघ्याच्या वर पाय कापलेल्याने मांडी उचलली तरी कृत्रिम नडगी लोंबकळत राहते, टाच आधी रुतते आणि सगळा पीळ स्टंपवर येतो. खरा घोटा आणि खरा गुडघा जो धक्का जिरवतात, तो इथे थेट कातडीवर आणि हाडावर. माझं मत विचाराल तर पहिल्या टँडेम उडीला पाय काढूनच जावं, गुडघ्यावरच्यांनी तर नक्कीच. महागडा इलेक्ट्रॉनिक गुडघा मातीत घासायची हौस कशाला? एकट्याने उडी मारणाऱ्याला मात्र पाय उपयोगी पडतो. नेमक्या वेळी दोऱ्या ओढून वेग मारला की दोन पावलांत थांबता येतं. कारगिल युद्धात पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग यांनी मार्च २०१९ मध्ये आपल्या नाशिकलाच एकट्याने उडी मारली. अमेरिकी लष्कराच्या पॅराशूट पथकातले डेना बोमन यांचे १९९४ साली हवेतल्या टकरीत दोन्ही पाय गेले, तरी ते त्याच वर्षी पथकात परतले.

पाय काढून जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ठरवावी: पाय कोणाकडे द्यायचा. वाऱ्याने उतरण्याची जागा दोनशे-तीनशे मीटर सहज सरकते, तेव्हा पिशवीत पाय घेऊन थांबलेला नातेवाईक धावू शकणारा असावा. आणि पिशवीत कोरडा लायनर, एक जादा मोजा व टॉवेल हवाच, नाहीतर मुंबईपर्यंतचा परतीचा प्रवास ओल्या सॉकेटमध्ये.