छाटलेली वेल ओरडते का?

सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, पलूस आणि कवठेमहांकाळ या पट्ट्यातील द्राक्षबागांना वर्षातून दोनदा कात्री लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पाऊस ओसरू लागला की फळछाटणी. मुळांशी चांगली ओल असेल, तर छाटलेल्या काडीच्या टोकाशी थोड्या वेळाने पाण्याचे थेंब जमू लागतात आणि ते पुष्कळ वेळ टपकत राहतात. हे दृश्य पहिल्यांदाच पाहणाऱ्याला वेल रडत असल्यासारखे वाटले, तर त्याला हसण्याचे कारण नाही. त्यातच २०२३ च्या मार्चअखेरीस ‘कापल्यावर झाडे किंचाळतात’ अशा आशयाच्या बातम्या जगभर पसरल्या आणि ज्या संशोधनावरून त्या निघाल्या, त्यात टोमॅटो आणि तंबाखूच्या जोडीला द्राक्षवेलीचेही आवाज नोंदवलेले होते. तेव्हा ज्या जिल्ह्यात लाखो वेली दरवर्षी ठरवून कापल्या जातात, तेथे हा प्रश्न नीट तपासून पाहणे अगदीच अस्थानी नाही.

हे संशोधन इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठातील इत्झाक खैत, लिलाख हदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. त्यांनी बाहेरचा आवाज आत येणार नाही अशा पेटीत रोपे ठेवली, रोपापासून सुमारे १० सेंटिमीटर अंतरावर श्राव्यातीत ध्वनी टिपणारे मायक्रोफोन लावले आणि काही रोपांचे पाणी तोडले, तर काहींची खोडे कापली. भरपूर पाणी मिळालेल्या धडधाकट रोपातून तासाभरात सरासरी एकही आवाज आला नाही. तहानलेल्या किंवा कापलेल्या रोपांतून मात्र पिकानुसार तासाला दहा-बारापासून तीस-चाळीसपर्यंत ‘टक्’ असे तुटक आवाज आले. त्यांची कंपनसंख्या मुख्यतः ४० ते ८० किलोहर्ट्झ होती. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, त्यामुळे हे आवाज आपल्याला ऐकू येणे शक्य नव्हते. पण त्यांचा जोर आपल्या साध्या बोलण्याइतका होता. संगणकाला या आवाजांचे नमुने शिकवल्यावर, रोप तहानलेले आहे की कापलेले, हे तो सुमारे ७० टक्के वेळा बरोबर ओळखू लागला. येथवरचे सारे मोजून मिळालेले आहे. ‘किंचाळी’ हा शब्द बातमी देणाऱ्यांनी आपल्या पदरचा घातला.

हा आवाज येतो कशातून, याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण झाडाच्या नळकामात सापडते. पानांतून पाण्याची वाफ होत राहते आणि मुळापासून पानापर्यंत सूक्ष्म जलवाहिन्यांमध्ये उभा असलेला पाण्याचा अखंड धागा त्यामुळे वर ओढला जातो. मुळाशी पाणी कमी पडू लागले की हा धागा अधिकाधिक ताणला जातो. उन्हाच्या वेळी हा ताण हवेच्या दाबाच्या दहापटीच्या घरात सहज जाऊ शकतो. ताण सोसण्यापलीकडे गेला किंवा कापामुळे वाहिनीत हवा शिरली, की धागा तुटतो, तेथे क्षणार्धात बुडबुडा तयार होतो आणि वाहिनीची भिंत थरारते. १९६६ मध्येच मिलबर्न आणि जॉन्सन या संशोधकांनी एरंडाच्या पानाला संवेदनशील यंत्र जोडून ही कंपने पकडली होती. तेल अवीवच्या प्रयोगात नवे होते ते एवढेच की हा आवाज झाडाला स्पर्श न करता, हवेतूनही ऐकता येतो असे दिसले. आपण बोटे मोडतो तेव्हा सांध्यातील द्रवात बुडबुडा तयार होऊन असाच कडकन आवाज येतो आणि त्याला कोणी बोटाची आरोळी म्हणत नाही. शिवाय झाडापासून पूर्ण तोडलेली फांदी प्रयोगशाळेत टेबलावर नुसती सुकत ठेवली, तरी तिच्या वाहिन्या एकामागून एक अशा तुटत राहतात आणि आवाज चालूच राहतो; जलवाहिन्यांचा अभ्यास करणारे हीच पद्धत मुद्दाम वापरतात.

आता काडीच्या टोकावरील थेंबांकडे वळू, कारण येथे एक गमतीचा उलटा प्रकार आहे. पाने नसलेल्या वेलीची मुळे क्षार आत ओढतात, त्यांच्या मागोमाग जमिनीतील पाणी मुळांत शिरते, वाफ होऊन ते बाहेर पडण्याची वाट बंद असते, त्यामुळे आत दाब साचतो आणि कापलेल्या तोंडातून पाणी बाहेर ढकलले जाते. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने द्राक्षवेलीच्या कापलेल्या खुंटावर काचेच्या नळ्या बांधून या मूळदाबाचे मोजमाप केले आणि ते १७२७ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे डोळ्यांना दिसणारी ‘आसवे’ ही पाण्याची रेलचेल असल्याची खूण आहे आणि कानाला न ऐकू येणारी ‘किंचाळी’ ही पाण्याच्या ओढीची. एकाच वेलीत एकाच वेळी, एकाच ठिकाणी या दोन्ही गोष्टी घडणे कठीण. दुःखाच्या चित्रात मात्र आपण दोन्ही शेजारी-शेजारी बसवून टाकतो.

म्हणून वेलीला कात्रीचे काहीच कळत नाही, असे म्हणणेही तितकेच चूक ठरेल. २०१८ मध्ये जपानचे मासात्सुगु तोयोता आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे सायमन गिलरॉय यांच्या गटाने मोहरीच्या कुळातील अॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपात अशी जनुकीय योजना केली की पेशीतील कॅल्शियम वाढले की ती पेशी उजळून दिसावी. त्या रोपाचे एक पान अळीने कुरतडताच जखमेपासून उजेडाची लाट निघाली आणि एक-दोन मिनिटांत ती दूरच्या पानांपर्यंत पोहोचली. ही लाट सुरू होते ती ग्लुटामेट या द्रव्यामुळे. जखमी पेशींतून ते बाहेर सांडते आणि त्याला ओळखणारी प्रथिने पुढचा निरोप देतात. हेच ग्लुटामेट आपल्या मेंदूत चेतापेशींमधील निरोप्याचे काम करते. लाट पोहोचलेल्या पानांत जॅस्मोनिक आम्ल तयार होऊ लागते आणि त्याच्या हुकमाने किडीच्या पचनात बिघाड करणारी प्रथिने बनतात. ज्या पानाला अजून धक्काही लागलेला नाही, ते पान अशा रीतीने आधीच सावध होते.

याहून बोलकी असते ती वासाची भाषा. वैरणीसाठी गवत कापले की जो ताजा हिरवा वास सुटतो, तो फाटलेल्या पेशींतील मेदद्रव्ये मोडून तयार झालेल्या उडनशील संयुगांचा असतो. मक्याच्या पानावर अळी पडली आणि तिची लाळ जखमेला लागली, की मका एक वेगळेच वासमिश्रण हवेत सोडतो. त्या वासावर अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या परोपजीवी गांधीलमाशा येतात, हे टर्लिंग्ज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले. २०१८ पासून आपल्याकडे मक्यावर अमेरिकन लष्करी अळीने जो उच्छाद मांडला, त्याचा अनुभव असलेल्या शेतकऱ्याला या मित्रकीटकांचे मोल वेगळे सांगायला नको. वनस्पतीची हाक ऐकायचीच असेल, तर ती कानांपेक्षा नाकाने अधिक ऐकू येते, असे मला वाटते.

मग याला वेदना म्हणावे की नाही? या प्रश्नाला भारतीय मनात जगदीशचंद्र बोस यांच्यामुळे एक विशेष जागा मिळाली आहे. लाजाळू आणि आपोआप पाने हलवणारी वनचांडाल यांसारख्या झाडांवर त्यांनी अतिशय नाजूक यंत्रांनी प्रयोग केले आणि वनस्पतींमध्ये विद्युत्-संकेत वाहतात हे ठामपणे मांडले. त्यांचे हे मोजमाप काळाच्या कसोटीवर टिकले. त्यांच्या नावावर ‘झाडांना भावना असतात हे सिद्ध झाले’ असे जे सांगितले जाते, ते मात्र त्या मोजमापाच्या पलीकडचे आहे. त्याहून वाईट उदाहरण अमेरिकेतील क्लीव्ह बॅक्स्टर यांचे. त्यांनी १९६६ मध्ये कुंडीतल्या झाडाला खोटे पकडण्याचे यंत्र जोडले आणि माणसाच्या मनातील विचारही झाडाला कळतात असा दावा केला. १९७५ मध्ये इतर शास्त्रज्ञांनी काटेकोर नियंत्रण ठेवून तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा काहीच हाती लागले नाही. तरीही तो दावा आजवर फिरत राहिला आहे.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार वेदना हा एक नकोसा संवेदनात्मक आणि भावनिक अनुभव आहे, आणि इजेची नोंद घेणाऱ्या चेतापेशींची हालचाल म्हणजे वेदना नव्हे. शस्त्रक्रियेच्या वेळी पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाच्या शरीरातील चेता इजेची नोंद घेत असतात, त्याच्या नाडीचे ठोके वाढूही शकतात. पण त्याला काही दुखत नसते, कारण ती नोंद अनुभवात उतरवणारा मेंदू त्या वेळी कामावर नसतो. वनस्पतीत मेंदू नाही, चेतापेशी नाहीत, शरीरभरच्या नोंदी जेथे एकत्र येतील असे केंद्रही नाही. लिंकन टेझ आणि इतर वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडून वनस्पतींना जाणीव नसते आणि तिची त्यांना गरजही नसते असा निर्वाळा दिला. याउलट इटलीतील स्टेफानो मानकुसो यांच्यासारखे शास्त्रज्ञ वनस्पतींच्या ‘बुद्धिमत्ते’विषयी उघडपणे बोलतात. पण बुद्धिमान प्रतिसाद आणि दुखणे यांतील अंतर त्या बोलण्याने भरून निघत नाही.

भुलीचाच आणखी एक मुद्दा या वादात हटकून येतो. ईथरची वाफ दिली की लाजाळूची पाने मिटेनाशी होतात, हे क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच नोंदवले होते आणि अलीकडे, २०१८ मध्ये, कीटकभक्षी वनस्पतींवरही तेच दिसले. त्यावरून ‘भूल चढते, म्हणजे शुद्ध असलीच पाहिजे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ईथर पेशीच्या आवरणावर आणि त्यातून होणाऱ्या विद्युत्-हालचालीवर परिणाम करतो आणि अशी आवरणे तर साऱ्या सजीवांत आहेत. जलद हालचालीचेही तसेच आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात दवबिंदू (ड्रॉसेरा) या कीटकभक्षी वनस्पतीचे चिकट केस कीटकाभोवती वळतात. सीतेची आसवे या फुलाच्या कुळातील पाण्यात वाढणाऱ्या काही जातींच्या पिशव्या तर सेकंदाच्या हजाराव्या भागात भक्ष्य आत खेचतात. ही करामत पाण्याच्या दाबाची आणि ताणलेल्या भिंतींची आहे, आणि ती समजावून सांगण्यासाठी वेदनेला किंवा इच्छेला मध्ये आणावे लागत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात भृगु ऋषी भरद्वाजाला सांगतात की उष्णतेने पाने कोमेजतात, म्हणजे झाडांना स्पर्श कळतो. विजेच्या कडकडाटाने फुले-फळे गळतात, म्हणजे त्यांना ऐकू येते. निरीक्षण आणि तर्क यांची ही जोडी कौतुकास्पद आहे, पण तिच्यातील पायरी तीच आहे जी आजच्या बातम्या चढतात: प्रतिसाद दिसला, म्हणून अनुभव मानला. सांगली-कोल्हापूर भागात ज्यांची मोठी वस्ती आहे त्या जैन समाजाच्या परंपरेत वनस्पतींना एकेंद्रिय, म्हणजे फक्त स्पर्श जाणणारे जीव मानले आहे आणि कंदमुळे वर्ज्य करण्यामागे त्या जीवांची हिंसा टाळण्याचा विचार आहे. ती आचाराची निवड आहे आणि ती मायक्रोफोनच्या नोंदीवर उभी नाही. त्यामुळे अशा नोंदीने ती खरी किंवा खोटी ठरत नाही. फक्त त्या निवडीला ‘विज्ञानानेही आता मान्य केले’ अशी पावती जोडू नये, एवढेच.

उत्क्रांतीच्या अंगाने पाहिले तरी वेदना झाडाच्या उपयोगाची दिसत नाही. चटका बसताच हात मागे घेणे आणि पुढच्या वेळी ती जागा टाळणे, हे चालत्या-फिरत्या प्राण्याला जमते. जागेवरून न हलणाऱ्या वेलीने तसे करायचे म्हटले तरी कोठे जावे? तिची तयारी वेगळी असते. शरीराचा कोणताही एक भाग अनिवार्य नसणे, काडीवरच्या डोळ्या-डोळ्यांतून पुन्हा फुटणे आणि जखमेची तोंडे बुजवणे, यांवर तिचे जगणे चालते. खरड छाटणीत वर्षभराच्या जवळजवळ सगळ्या काड्या काढल्यानंतर नवी फूट येते आणि पुढच्या घडांची घडण त्याच फुटीत होते, हे द्राक्ष बागायतदारांना पाठच आहे.

एवढे झाल्यावरही एक प्रश्न उरतोच: हे आवाज झाड कोणासाठी काढत नसेल, तरी ते ऐकणारे कोणी आहे का? तेल अवीवच्याच गटाने २०२५ मध्ये कापसावरील एका पतंगाच्या मादीवर प्रयोग करून दाखवले की टोमॅटोच्या दोन सारख्या रोपांपैकी एकाजवळ तहानलेल्या रोपाचे आवाज ऐकवले, तर मादी शांत रोपावर अंडी घालणे अधिक पसंत करते. जे रोप सुकण्याच्या मार्गावर आहे, ते पिल्लांना पुरेसे खाऊ घालणार नाही, असा हिशेब त्यामागे असावा. झाडांना झाडांचे आवाज ऐकू येतात का, हे अजून मोकळे आहे. पण अळी पान खाताना होणारी कंपने आधी वाजवून दाखवली, तर पुढे खरी अळी पान खाऊ लागल्यावर अॅराबिडॉप्सिस आपली रासायनिक शस्त्रे जास्त वाढवते आणि वाऱ्याच्या कंपनांना मात्र दाद देत नाही, हे अॅपेल आणि कॉक्रॉफ्ट यांनी २०१४ मध्ये दाखवले आहे.

जत, आटपाडी, माण, खटाव अशा कमी पावसाच्या तालुक्यांना या संशोधनातून काही मिळण्यासारखे असेल, तर ते येथे आहे. टोमॅटोच्या रोपांतील आवाज पाणी तोडल्यानंतर दिवसागणिक वाढत जातात आणि रोप पूर्ण वाळू लागले की पुन्हा कमी होतात. शिवाय पाने माना टाकण्याआधीच त्यांची सुरुवात होते. ठिबकचे पाणी कोणत्या ओळीला कधी सोडावे, हे ठरवायला अशी आगाऊ खबर कामाची ठरेल. पण पेटीत ऐकलेला आवाज बागेत ऐकणे सोपे नाही. श्राव्यातीत ध्वनी हवेत लवकर विरतो, मांडवातील दाट पाने त्याला अडवतात आणि फवारणीच्या ब्लोअरपासून रातकिड्यांपर्यंत गोंगाट करणारे बरेच आहेत. त्यामुळे एका मायक्रोफोनला किती वेली पुरतील आणि त्याचा खर्च जमिनीत पुरलेल्या साध्या ओलावामापकापेक्षा परवडेल का, हे प्रत्यक्ष शेतातच ठरावे लागेल. तोवर छाटणी झाल्यावर जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावण्याची बागायतदारांची रीत चालू राहणे योग्य, कारण त्या उघड्या तोंडातून शिरणारी बुरशी वेलीला खरोखर वाळवू शकते.