तुरुंगातली बालवाडी म्हणजे 'प्रिझन नर्सरी' नव्हे

एखाद्या कारागृहात बालवाडी सुरू होते. साहेबांच्या हस्ते फीत कापली जाते, भिंतीवर ससे-हत्ती रंगवलेले असतात, फोटो छापून येतो. मग कोणीतरी हमखास लिहितं की अशा नर्सऱ्यांमुळे अमेरिकेत महिला कैद्यांचं पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण कमी झालं, आता आपल्याकडेही होईल. यातला अमेरिकेचा भाग बऱ्याच अंशी खरा आहे, पण त्यावरून आपल्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तरी दर वेळी हे दोन्ही एकाच माळेत ओवलं जातं.

आपली व्यवस्था साधारण ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. आई तुरुंगात गेली आणि बाहेर सांभाळायला कोणी नसलं, तर सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्यासोबत आत राहू शकतं. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली याचे नियम घालून दिले. मुलाला कैदी समजायचं नाही. अन्न, कपडे, औषधोपचार, शिक्षण, खेळ हा त्याचा हक्क. तीन वर्षांखालच्यांना पाळणाघर, त्यापुढच्यांना बालवाडी, आणि तीही शक्यतो तुरुंगाच्या आवाराबाहेर. जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंगाचं नाव येता कामा नये. सहा वर्षं पूर्ण झाली की मूल नातेवाइकांकडे किंवा संस्थेत जातं.

प्रिझन नर्सरी ही वेगळी गोष्ट आहे : तुरुंगवासात बाळंत झालेल्या आईजवळ तिचं बाळ काही काळ राहू देणारं, तुरुंगातलंच स्वतंत्र युनिट. न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्ड हिल्सच्या महिला तुरुंगात ती १९०१ पासून चालू आहे. नेब्रास्काने १९९४ मध्ये तिच्याच धर्तीवर आपली सुरू केली. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आजही तुरुंगवासात बाळंत झालेल्या बाईकडून बाळ एक-दोन दिवसांत काढून घेतात, त्यामुळे नर्सरी तिथे अपवादच. इंग्लंडमध्ये याच जातीची सोय 'मदर अँड बेबी युनिट' म्हणून काही महिला तुरुंगांत आहे, बाळाच्या साधारण दीड वर्षापर्यंत.

तिथे दीड वर्ष, इथे सहा. तिथे स्वतंत्र युनिट, इथे बहुधा बरॅकचाच एखादा कोपरा. हे फरक सगळे सांगतात, आणि ते फारसे महत्त्वाचे नाहीत. खेळण्यांची तुलना तर कृपा करून कोणी करू नये.

खरी मेख आईच्या स्थितीत आहे. प्रिझन नर्सरीतली आई शिक्षा झालेली असते. जागा मिळावी म्हणून ती अर्ज करते, आणि तिची निवड होते. मुलांवरच्या अत्याचाराचा किंवा गंभीर हिंसेचा गुन्हा असेल तर दार सहसा बंदच. उरलेली शिक्षा इतकी थोडी असावी लागते की आई आणि बाळ एकत्रच फाटकाबाहेर पडतील. आत असताना बाळाच्या संगोपनाचे वर्ग, व्यसनमुक्ती, समुपदेशन चालतं, बाहेर पडल्यावर राहायचं कुठे याची आखणीही होते. सगळी रचना सुटकेच्या तारखेकडे तोंड करून उभी असते. म्हणूनच 'ती पुन्हा आत आली का?' हा प्रश्न तिथे विचारता येतो.

आता आपल्याकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशभरात १,५३७ स्त्रिया १,७६४ मुलांसह तुरुंगात होत्या. त्यातल्या पाचांपैकी चारांहून अधिक जणींचा खटला अजून संपलेलाच नव्हता. तुरुंगातल्या बोलीत 'कच्चे कैदी', कागदावर 'न्यायाधीन बंदी'. जिचा पहिला गुन्हाच अजून शाबीत व्हायचाय, तिचं 'पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण' काढणार कसं? ती निर्दोष सुटली तर बालवाडीने तिला सुधारलं म्हणायचं? सुटकेची तारीखही ठरलेली नाही. जामीन उद्या होईल किंवा दोन वर्षांनी. आणि खटला सहाव्या वाढदिवसापलीकडे रेंगाळला, तर मूल एकटं बाहेर जातं आणि आई आत राहते. नर्सरी जे टाळण्यासाठी काढली, नेमकं तेच.

म्हणजे आपली बालवाडी मुलाच्या हक्काची आहे. आईच्या सुधारणेचा कार्यक्रम म्हणून ती उभी केलेलीच नाही. तिला तशी परीक्षा लावली तर ती नापास होईल, आणि उद्या कोणीतरी 'उपयोग नाही' म्हणून तिचा निधी कापेल. मूल दोन वर्षांचं आहे, त्याला दूध आणि अंगण हवं, एवढं कारण पुरेसं आहे. त्यासाठी आईच्या भविष्यातल्या वर्तनाची हमी मागायची गरज नाही.

अमेरिकन आकड्यांबद्दलही एक. बेडफर्ड हिल्सचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बहुतेक वेळा पुढे केला जातो. २००१ ते २००७ दरम्यान नर्सरीत राहिलेल्या १३९ जणींपैकी सुमारे ८६ टक्के स्त्रिया सुटकेनंतरच्या तीन वर्षांत तुरुंगात परतल्या नाहीत. परतलेल्यांतही नव्या गुन्ह्यामुळे आलेल्या थोड्याच. बाकीच्या पॅरोलच्या अटी मोडल्याने. (तिथला पॅरोल म्हणजे देखरेखीखालची सुटका; आपल्यासारखी घरी जायची रजा नव्हे.) आकडा चांगलाच आहे. पण या स्त्रिया आधीच निवडून घेतलेल्या होत्या. कमी धोक्याच्या, कमी शिक्षेच्या, स्वतः अर्ज करण्याइतकी उमेद असलेल्या. त्यातलं किती श्रेय नर्सरीचं आणि किती निवडीचं, हे नुसत्या टक्केवारीवरून कळत नाही. माझं मत विचाराल तर नर्सरीचा हातभार आहे, पण छापून येतं तेवढा नाही.

जाता जाता : 'निरागस कैदी', 'चिमुकल्यांना जन्मठेप' हे मथळे बंद करा. न्यायालयाने मुलाला कैदी म्हणू नका असं सांगितलंय, आणि आपण टाळ्यांसाठी तेच म्हणतो. बालसुधारगृहाशी तर या मुलांचा काडीचाही संबंध नाही.

खटला चालू असलेल्या आईला आधार द्यायचा असेल, तर तो वकिलाच्या फाइलमध्ये द्यावा लागतो. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही किंवा रक्कम भरता येत नाही, म्हणून बायका आत राहतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे याच्या कायद्याच्या) कलम ४८० मध्ये स्त्रियांना जामिनाबाबत सवलत आहे. कलम ४७९ नुसार, काही गंभीर गुन्हे वगळता, पूर्वी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की तिला सोडायचं आहे. ही कलमं बाईच्या वतीने वेळेवर कोणीतरी मांडावी लागतात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतो आहे. अशा कामाला उद्घाटनाचा फोटो नसतो.

शिक्षा झालेल्या थोड्या मातांना मात्र नर्सरीची कल्पना खरोखर लागू पडते, आणि तिथे ती जरूर उचलावी. रंगीत भिंतींआधी उचलायची गोष्ट म्हणजे सुटकेनंतरचं घर आणि काम.

२००६ च्या त्याच निकालात आणखी एक निर्देश आहे, आणि तो बालवाडीच्या बातमीत कधीच नसतो : ज्या स्त्रियांची मुलं त्यांच्यासोबत तुरुंगात आहेत, त्यांचे खटले न्यायालयांनी प्राधान्याने घेऊन लवकर निकाली काढावेत. पुढच्या उद्घाटनाला जाणाऱ्या पत्रकारांनी अधीक्षकांना एवढंच विचारावं, की इथल्या किती मातांच्या फाइलवर हा निर्देश न्यायालयापुढे मांडला गेलाय.