कपाळाचा फ्लॅप (नाकाची पुनर्रचना)

कपाळाचा फ्लॅप म्हणजे कॅन्सर, अपघात, कुत्र्याचा चावा नाहीतर मारामारी, कशानेही नाकाचा मोठा भाग गेला की कपाळाची कातडी खाली वळवून त्यातून नाक उभं करायचं ऑपरेशन. प्लास्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना हिरोइनींचे ओठ आठवतात, पण हे सर्जन विचार कसा करतात ते कळायला हे ऑपरेशन बघावं. त्याची सगळ्यात गाजलेली जुनी केस आपल्या पुण्याची आहे.

१७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला एक मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. इंग्रजी कागदांत नाव कावसजी असं आलंय. वर्षभर तो बिननाकाचाच होता, मग पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीच्या माणसाने त्याला नवीन नाक बसवून दिलं, आणि हे बघायला ईस्ट इंडिया कंपनीचे दोन डॉक्टर हजर होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट सगळी हकीकत छापून आली. गाडीवानाचं नाव त्यात आहे, ज्याने नाक केलं त्याचं मात्र नाही, हे जरा खटकतंच.

पद्धत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या बुंध्यावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा, मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. रेघेवरून कातडी सोडवायची पण दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. बुंध्याचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा, कातडी पिळून खाली आणायची आणि कडा खाचेत बसवायच्या. टाके नाहीतच, कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि त्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड, दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ चिंध्या, आणि साधारण पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापून टाकायची.

हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं, तिथून ही 'इंडियन मेथड' युरोपभर गेली. सुश्रुतसंहितेत नाक जोडायचं वर्णन आहेच, पण तिथे माप झाडाच्या पानाने घ्यायचं आणि कातडी गालाची. कपाळाची पद्धत वेगळी, त्यामुळे दोन्ही एकच समजून छाती फुगवणाऱ्या फॉरवर्ड मेसेजेसकडे दुर्लक्ष केलेलं बरं. सोळाव्या शतकात इटलीत ताल्याकोत्सी नावाचा सर्जन दंडाची कातडी वापरायचा, म्हणजे पेशंटचा हात काही आठवडे तोंडाला बांधून ठेवायचा, कल्पना करा.

सगळी मेख त्या भुवयांमधल्या पट्टीत आहे, कारण कातडी पूर्ण कापून दुसरीकडे लावली (याला ग्राफ्ट म्हणतात) तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, खालच्या थरातून रक्त मिळालं तर ती जगते, आणि उघड्या कुर्चेवर (नाका-कानातलं लवचिक, मऊ हाड) किंवा हाडावर ते बहुतेक मिळतच नाही. फ्लॅप आपलं रक्त सोबत घेऊन येतो. भुवईच्या आतल्या टोकापाशी एक धमनी वर कपाळात जाते, आजचे सर्जन ती पेन्सिलसारख्या डॉप्लरने (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) ऐकून शोधतात आणि पट्टी, म्हणजे पेडिकल, जेमतेम सव्वा ते दीड सेंटीमीटर रुंद ठेवतात. मेणाच्या जागी आता बऱ्याचदा टाक्यांच्या पाकिटातली फॉइल असते, काम तेच.

माप घेण्यातच नवखा आणि मुरलेला सर्जन कळतो. नवखा जखमेचं माप घेतो, पण जखम आकसलेली किंवा ताणलेली असते, ती खोटं बोलते. मुरलेला माणूस चांगल्या बाजूच्या नाकपुडीचं टेम्प्लेट काढून उलटं करतो. बर्गेट आणि मेनिक या अमेरिकन सर्जननी १९८५ मध्ये यात अजून एक भर घातली, की नाकाचा शेंडा, मधला दांडा, दोन बाजू, दोन नाकपुड्या असे भाग आहेत आणि एखाद्या भागाचा अर्ध्याहून जास्त हिस्सा गेला असेल तर उरलेली चांगली कातडीही काढून अख्खा भाग नवीन करा. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण असं केलं की व्रणाची रेघ उजेड आणि सावलीच्या नैसर्गिक सीमेवर येते आणि समोरच्याच्या नजरेत भरत नाही.

वरची कातडी म्हणजे नाक नव्हे हेही आलंच. आतून अस्तर लागतं, मध्ये आधार लागतो (कानाची नाहीतर बरगडीची कुर्चा), मगच वरचं आवरण. अस्तर विसरलं तर नाक हळूहळू आत आकसतं आणि श्वास कोंडतो, वरून कितीही देखणं असो.

पेशंटला ऑपरेशनपेक्षा पुढचे तीन आठवडे जड जातात. दोन डोळ्यांच्या मध्ये मांसाचा एक पूल असतो, चष्मा नीट बसत नाही, घरचे आरशासमोर जाऊ देत नाहीत. वॉर्डात रेसिडेंट डॉक्टर फ्लॅपचा रंग बघत राहतात, पांढरा पडला तर रक्त पोचत नाहीये, जांभळा पडला तर पोचतंय पण परत जात नाहीये, आणि अशा वेळी कधीकधी खरोखरच जळवा लावतात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात म्हणून विडी-सिगरेट आधीपासून बंद, आणि आपल्याकडे मिश्रीचं वेगळं विचारावं लागतं कारण बायका ती व्यसनात धरतच नाहीत. कपाळाची जखम वरच्या टोकाला पूर्ण मिटली नाही तर तशीच उघडी भरून येऊ देतात आणि ती भरतेही छान.

मात्र बसलेलं, म्हणजे आत खचलेलं, प्रत्येक नाक कपाळाकडे जात नाही. कुष्ठरोगात नाक बसतं ते आतलं अस्तर आणि आधार गेल्यामुळे, बाहेरची कातडी शाबूत असते, फक्त आत ओढली गेलेली असते. अशा पेशंटची ऑपरेशनं मुंबईच्या जे. जे. मधले डॉ. नोशिर अंतिया यांनी केली, ज्या काळात बरेच डॉक्टर या लोकांना हात लावायला तयार नव्हते. अंतिया इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज या नामवंत प्लास्टिक सर्जन यांच्या हाताखाली शिकलेले, आणि गिलीजचीच युक्ती इथे कामाला आली. ओठाच्या आतून शिरून चिकटलेली कातडी सोडवायची, आतल्या बाजूला पातळ ग्राफ्टचं अस्तर लावायचं आणि मग आधार द्यायचा. कपाळाला हात लावायची गरजच पडत नाही.