डोमेन मालकाच्या माहितीची गोपनीयता

डोमेन नाव, म्हणजे वेबसाईटचा इंटरनेटवरचा पत्ता, घेताना नाव, पत्ता, मोबाईल, ईमेल सगळं खरं भरावं लागतं, आणि ही माहिती कुणाला दिसावी नि कुणाला नाही हे ज्या नियमांनी आणि सोयींनी ठरतं त्याला सगळे सरसकट डोमेन प्रायव्हसी म्हणतात. नाशिककडे हा विषय आता घरातला झालाय, कारण निफाड-पिंपळगावचे बेदाणेवाले, येवल्याचे पैठणीवाले, गंगापूर रोडला घरूनच केक करणाऱ्या ताई, सिंहस्थासाठी पंचवटीत खोल्या देणारी मंडळी असे कितीतरी जण स्वतःची साईट काढतात, आणि यातल्या बऱ्याच जणांचा धंद्याचा पत्ता म्हणजे राहत्या घराचाच पत्ता असतो.

मालकांच्या या नोंदींना हूइज म्हणतात. १९८२ मध्ये याचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले तेव्हा नेटवर्कवर मोजकीच माणसं होती, मशीन अडलं तर फोन कुणाला लावायचा एवढ्यासाठी ती यादी होती. पुढे डोमेन कुणालाही विकत मिळायला लागलं तरी यादी कुणालाही बघता येईल अशी उघडीच राहिली. मला विचाराल तर सगळा घोळ इथेच झाला.

२०१६ ची गोष्ट, निफाडच्या ओळखीतल्या एका काकांनी बेदाण्यासाठी डॉट कॉम घेतलं आणि माहिती झाकायच्या सोयीचे, म्हणजे प्रायव्हसीचे, वेगळे पैसे कशाला म्हणून ती टिक काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत फवारणी चालू असतानाच फोन सुरू, "सर, आपने नया डोमेन लिया है, वेबसाईट बनवानी है क्या?", आठवडाभर तेच. वर्षभराने ईमेल आला की आज पैसे भरा नाहीतर डोमेन जाईल, हुबेहूब बिलासारखा, पण पाठवणारा भलताच, ज्याच्याकडून डोमेन घेतलं तो नव्हेच. पैसे भरायच्या आधी काकांनी विचारलं म्हणून वाचले.

२५ मे २०१८ ला युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपायचा कायदा लागू झाला आणि त्याच दिवसापासून आयकॅनचा, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेचा, तात्पुरता नियमही आला, मग डॉट कॉमसारख्या डोमेनवर नाव, पत्ता, फोन झाकायला सुरुवात झाली. युरोपबाहेरच्या ग्राहकांचंही झाकायची मुभा विकणाऱ्या कंपन्यांना होती, बऱ्याच जणांनी ते केलं. राज्य आणि देश मात्र दिसतात, आणि 'ऑर्गनायझेशन'च्या रकान्यात काही भरलं असेल तर तेही दिसू शकतं. खूप जण तिथे स्वतःचंच नाव टाकतात, मग बाकी सगळं झाकूनही नाव उघडंच. दुकानाला वेगळं नाव नसेल तर तो रकाना सरळ रिकामा सोडावा.

प्रॉक्सी सर्विस हा वेगळा प्रकार, त्यात कागदोपत्री मालक म्हणून आपल्याऐवजी सर्विसवाल्याचंच नाव लागतं, म्हणून भांडण झालं तर डोमेन आपलंच आहे हे दाखवायला करारपत्र जपून ठेवावं लागतं. डॉट इनला, म्हणजे ही भारताची डोमेन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या नियमात, अशी प्रॉक्सी चालत नाही.

काही जण यावर उपाय म्हणून खोटा पत्ता टाकतात. हे अजिबात करू नका. माहिती खरी आहे का अशी डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून विचारणा आली आणि १५ दिवसांत उत्तर दिलं नाही तर डोमेन बंद होऊ शकतं, ऐन द्राक्षाच्या सीझनमध्ये साईट बंद पडली तर काय होईल बघा.

दुसरी बाजूही खरी आहे. सिंहस्थाच्या नावाने उद्या कुणी खोटी बुकिंगची साईट काढली तर पोलिसांना मालक शोधावाच लागणार, त्यासाठी विकणाऱ्या कंपनीकडे कारण देऊन माहिती मागता येते आणि नोव्हेंबर २०२३ पासून आयकॅनने अशा मागण्यांसाठी एकच ठिकाणही करून दिलंय. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला गोपनीयता मूलभूत हक्क ठरवली, २०२३ ला डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनना जुनं हूइज चालू ठेवायची सक्ती उरलेली नाही, त्याच्या जागी आरडॅप ही नोंदी बघायची नवी पद्धत आलीय, त्यात कुणाला किती दाखवायचं हे वेगवेगळं ठरवता येतं.

पण २०१८ च्या आधीच्या उघड्या नोंदींच्या कॉप्या काही कंपन्यांनी कधीच करून ठेवल्यात आणि त्या पैसे घेऊन दाखवतात. काकांचा तेव्हाचा नंबर तिथे अजून असणार, नंतर कितीही टिक केली तरी.